सोल 19 ला पाठवू

10 जून 2003. फ्लोरिडातून ‘स्पिरिट’ रोव्हर मंगळाकडे निघाला. त्याच्या संगणकाचा वेग 20 मेगाहर्ट्‌झ. कामाची मेमरी, म्हणजे रॅम, 128 मेगाबाइट. साठवणीची फ्लॅश मेमरी 256 मेगाबाइट. सात महिन्यांच्या प्रवासात फ्लॅशमध्ये फायली साठत गेल्या.

4 जानेवारी 2004, जागतिक वेळ 04:35. स्पिरिट गुसेव्ह विवरात उतरला. प्रवासातल्या फायली आता कुणाला नको होत्या. त्या तशाच राहिल्या आणि जमिनीवरच्या नव्या फायली त्यांच्यावर चढू लागल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. संगणक सुरू होताना फ्लॅशमधल्या फायलींची यादी रॅममध्ये उतरवून घेत असे. फाइल पुसली तरी यादीतली तिची जागा मोकळी होत नसे. वाण्याच्या वहीत उधारी फिटली की नावावर काट मारतात. वही काही पातळ होत नाही. फ्लॅशमध्ये जागा होती. फुगत होती ती वही, आणि ती रॅममध्ये मावावी लागत होती.

त्यात दोन बारीकसे निर्णय पृथ्वीवरच होऊन गेले होते. पहिला: यादीसाठी जागा कमी पडली, तर फाइल-प्रणालीने बाकीच्या रॅममधून हवी तेवढी मागून घ्यावी. दुसरा: रॅम मिळाली नाही, तर मागणारे काम आहे तिथेच थांबवावे. जमिनीवरच्या चाचण्यांत फायलींची संख्या एवढी कधी झालीच नाही, त्यामुळे दोन्ही निर्णय बिनचूक वाटले.

सोल 15. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, 24 तास 39 मिनिटांचा. जुन्या फायली व फोल्डर काढून टाकणारा छोटा प्रोग्राम पृथ्वीवरून पाठवला गेला. तो दोन भागांत होता. पहिला भाग पोहोचला. दुसरा पोहोचला नाही.

दुसरा भाग पुन्हा पाठवण्याचा दिवस ठरला: सोल 19.

सोल 18, 21 जानेवारी. स्पिरिटचा हात ‘अॅडिरॉन्डॅक’ नावाच्या दगडावर टेकलेला होता. त्या दिवसाच्या कामांत एका उपकरणाच्या आरशाच्या मोटरची चाचणी होती. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अँटेनावर वादळी पाऊस चालू होता. सकाळच्या आज्ञा मिळाल्याची पोच रोव्हरने दिली. त्यानंतर ठरलेल्या वेळा आल्या आणि गेल्या. अपेक्षित माहिती आली नाही. पहिला संशय पावसावर गेला.

मंगळावर तोवर चक्र सुरू झाले होते. यादीने रॅम मागितली. रॅम शिल्लक नव्हती. काम थांबले. काम थांबलेले पाहून संगणकाने स्वतःला रीसेट केले. सुरू होताच त्याने पहिले काम केले ते फ्लॅशची यादी रॅममध्ये उतरवण्याचे.

22 जानेवारी. पृथ्वीवरून हाक गेली. उत्तरादाखल एक साधा रेडिओ संकेत आला: ऐकू आले. त्यात माहिती काहीच नव्हती.

23 जानेवारी, 12:34. स्पिरिट बोलला. दहा मिनिटे, सेकंदाला 10 बिट. हिशेब केला तर 750 बाइट. देवनागरीत एवढ्या जागेत अडीचशे अक्षरे बसतात, म्हणजे पोस्टकार्डाची एक बाजूही भरत नाही.

13:02. माद्रिदजवळच्या अँटेनावरून प्रक्षेपण सुरू करण्याची आज्ञा गेली. मंगळ तेव्हा जवळपास 20 कोटी किलोमीटरवर होता. संदेशाला जायला सुमारे 11 मिनिटे, उत्तराला यायला तेवढीच.

13:26. उत्तर आले. वीस मिनिटे, सेकंदाला 120 बिट.

त्यातून कळले ते हे: संगणक तोवर साठहून अधिक वेळा रीसेट झाला होता आणि रात्री झोपत नव्हता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्राने मंगळाच्या रात्री जागणे म्हणजे बॅटरी संपवणे. झोपण्याची आज्ञा दिली, तरी तो जागाच राहिला. आता मोजणी बॅटरीची होती.

रात्रभरात पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तर्क जुळला: दोष फ्लॅशमध्ये किंवा ती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मग फ्लॅशला हात न लावता संगणक सुरू करायचा. तशी सोय आधीच करून ठेवलेली होती. आज्ञेचे नाव होते ‘इनिट क्रिपल्ड’, म्हणजे पंगू अवस्थेत सुरू हो. माझ्या मते या सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत शहाणा निर्णय तोच, आणि तो संकट येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी घेतला होता.

24 जानेवारी. आज्ञा गेली. रीसेटचे चक्र थांबले. स्पिरिट तासभर बोलला. प्रकल्पप्रमुखांनी त्याची प्रकृती ‘अत्यवस्थ’वरून ‘गंभीर’ अशी सुधारली.

25 जानेवारी, 05:05. जुळा रोव्हर ‘ऑपॉर्च्युनिटी’ मंगळाच्या दुसऱ्या बाजूला सुखरूप उतरला. सॉफ्टवेअर तेच. त्याच्याही फ्लॅशमध्ये सात महिन्यांच्या फायली.

पुढचे दिवस सावकाश गेले. अडकलेली माहिती खाली उतरवून घेतली. जुन्या फायली थोड्या थोड्या करून काढल्या. जानेवारीच्या अखेरीस बिघाडानंतरचे पहिले छायाचित्र आले, रोव्हरच्या पुढच्या कॅमेऱ्याचे: हात अजून त्याच दगडावर टेकलेला, सोल 18 च्या सकाळी होता तसाच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश पूर्ण पुसून नव्याने फॉरमॅट केली. मग स्पिरिटने अॅडिरॉन्डॅक दगड घासायला घेतला.

त्याला नेमून दिलेले आयुष्य 90 सोल होते. त्याचा शेवटचा संदेश 22 मार्च 2010 रोजी आला.