मेंदूच्या गाठीचं नाव आता जनुकांवरून का ठरतं?

मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला की पूर्वी निकाल एकाच गोष्टीवर ठरायचा: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात. अडचण अशी की, सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक काही महिन्यांत बळावायची, तर दुसरी बरीच वर्षं आटोक्यात राहायची.

२००८ मध्ये काही गाठींत आयडीएच१ या जनुकातला बदल सापडला आणि या कोड्याचा मोठा धागा हाती लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा खुणा वर्गीकरणात घेतल्या. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांचं महत्त्व आणखी वाढलं.

प्रौढांमधले तीन मुख्य प्रकार

- ग्लायोब्लास्टोमा: आयडीएचमध्ये बदल नसतो. सर्वांत आक्रमक, थेट ग्रेड ४.
- ॲस्ट्रोसायटोमा: आयडीएचमध्ये बदल असतो. ग्रेड २, ३ किंवा ४.
- ऑलिगोडेंड्रोग्लायोमा: आयडीएचमध्ये बदल असतोच, शिवाय गुणसूत्र १ ची आखूड आणि १९ ची लांब भुजा गायब असते. ग्रेड २ किंवा ३. उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद.

साधी दिसणारी गाठही ग्रेड ४?

हो. प्रौढ रुग्णाच्या पसरणाऱ्या गाठीत आयडीएच बदल नसेल आणि टर्ट जनुकाच्या प्रमोटरमध्ये बदल, ईजीएफआरच्या वाढलेल्या प्रती, किंवा गुणसूत्र ७ जास्त व १० कमी, यांपैकी एक जरी खूण मिळाली, तरी ती ग्लायोब्लास्टोमाच ठरते. ॲस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्या असतील, तर तीही ग्रेड ४.

औषध लागू पडेल का?

इथे एमजीएमटी महत्त्वाचं. हे जनुक डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन बनवतं. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या पेशींचा डीएनए बिघडवतं; एमजीएमटी चालू असेल तर तो बिघाड दुरुस्त होतो. मिथिलेशनमुळे जनुक बंद असेल, तर औषध अधिक परिणाम करतं. २००५ च्या अभ्यासात जनुक बंद असलेल्या रुग्णांत रेडिएशनसोबत हे औषध घेणारे निम्मे जण २१.७ महिन्यांहून अधिक जगले. फक्त रेडिएशनवर हा आकडा १५.३ महिने होता.

ग्रेड २ च्या आयडीएच बदल असलेल्या गाठींसाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे खूण सापडली, तरच हा पर्याय खुला होतो.

नातेवाइकांनी काय विचारावं?

आधी आयएचसी ही रंग देऊन करायची तपासणी होते. तिच्यात आयडीएच१ चा सर्वांत नेहमीचा बदल दिसतो, पण दुर्मीळ बदल निसटू शकतात. त्यामुळे विशेषतः ५५ वर्षांखालील रुग्णात आयएचसी निगेटिव्ह आली, तर सीक्वेन्सिंगची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मेणातला ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा. पुढच्या तपासण्या आणि दुसरं मत, दोन्ही त्यावरच होतात.