कांचेंतील समुद्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना कांचेआडच्या रंगीत माशांचें वर्णन ऐकविण्याचें कारण नाहीं. मला आज बोलावयाचें आहे तें माशांविषयीं नव्हे, त्यांच्या भोंवतालच्या पाण्याविषयीं. समुद्राचें पाणी भांड्यांत भरलें म्हणजे समुद्र घरीं आला, असें प्रथम सर्वांनाच वाटतें. परंतु तें पाणी चार दिवसांतच आपला स्वभाव पालटूं लागतें. तो स्वभाव ओळखावा कसा व ताळ्यावर आणावा कसा, हें उमगावयास माणसाला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

ह्या कथेचा आरंभ एका बाईपासून होतो. तिला मिळावें तेवढें श्रेय मात्र मिळालें नाहीं. अ‍ॅना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिनें पोवळ्याच्या जातीचे कांहीं जीव लंडनला आणले. समुद्र दूर, रोज ताजें पाणी आणावें कोठून? तेव्हां तिनें युक्ति काढली. उघड्या खिडकीसमोर उभें राहून पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतावयाचें, आणि पुन्हा परत ओतावयाचें. हें काम रोज अर्धापाऊण तास चाले, आणि तें आलें घरच्या मोलकरणीच्या वांट्याला! पण जीव जगले. पाण्याला वारा लागला पाहिजे, एवढेंच त्या बाईला ठाऊक होतें. आणि तें पुरेसें होतें.

१८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनज्ञानें लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें आपला प्रयोग मांडला. गोड्या पाण्याचें एक कांचपात्र, दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति. पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें कुजकें खाणाऱ्या गोगलगाई आंत सोडल्या, आणि पात्र निवळलें. मासे कर्बाम्लवायु, म्हणजे आपला कार्बन डायॉक्साइड, सोडतात. वनस्पति उजेडांत तो घेऊन प्राणवायु देते. ह्या देवघेवीचा ताळेबंद जमला कीं पाणी बदलावें लागत नाहीं, असा त्याचा सिद्धान्त. थोड्याच वर्षांत त्यानें तोच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला.

पुढें मत्स्यपात्रांचें जणूं वेडच लागलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्यानें ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि कृत्रिम समुद्रजलाची कृतीहि दिली. साडेतीन औंस साधें मीठ, पाव औंस एप्समचें मीठ (जें आपण जुलाबासाठीं घेतों तेंच), थोडे म्याग्नेशियमचे व पोट्याशियमचे क्षार, आणि सुमारें चार क्वार्ट पाणी. चुना त्यानें मुद्दाम घातला नाहीं. तळाशीं टाकलेल्या शिंपल्यांतून व पोवळ्यांच्या तुकड्यांतून तो मिळेल, असा त्याचा अदमास होता.

वॉरिंग्टनच्या हिशेबांत मात्र एक गांठ दडलेली होती. भर उजेडांत शेवाळ पाण्यांतला कर्बाम्लवायु इतक्या झपाट्यानें ओढून घेतें कीं मासे तो तितका पुरवूं शकत नाहींत. हा वायु पाण्यांत सौम्य आम्लाचें काम करतो. तो घटला कीं पाण्याचा अल्कधर्म चढतो. दिवे मालविण्यापूर्वीं तो सर्वांत अधिक, आणि पहांटे सर्वांत कमी. डोळ्यांना ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं.

तें दिसावें म्हणून मापच हवें होतें, आणि तें मिळालें दारूच्या भट्टीजवळ! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बीयर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत सोरेन्सन ह्या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं ‘पी-एच्’ हें मान काढलें. सात हा मध्य. खालीं आम्ल, वर अल्क. आणि प्रत्येक पायरी दसपट. म्हणजे ८.२ चे ८.८ झाले, तर दिसावयास फरक क्षुल्लक, परंतु पाण्यांतील आम्लकण पावपटीवर आले. दुसऱ्याच वर्षीं त्यानें पालित्श ह्या सहकाऱ्यासह समुद्रजलाचें हें मान मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आज समुद्राच्या पृष्ठभागाचा अंक सरासरीनें सुमारें ८.१ आहे, पात्रांत तो साडेआठाच्या वर राहूं लागला, तर सावध व्हावें. पाण्यांतील अमोनियाचा जो अंश माशांना विषारी, तो ह्या अंकाबरोबर वाढत जातो.

गॉसने वगळलेला चुना शंभर वर्षांनीं परत आला. पोवळ्याला आपला सांगाडा बांधण्यास चुना लागतो, आणि निरोगी समुद्रजलांत शिंपले पुरेसे विरघळत नाहींत. म्हणून १९७०च्या सुमारास जर्मन भाषेंत लिहिणारे पेटर विल्केन्स यांनीं चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. पोवळीं वाढूं लागलीं. परंतु संपृक्त निवळीचा अंक १२.४! ती थेंबथेंब न देतां भडाभड ओतली, तर पाणी दुधासारखें पांढरें होतें, आणि जो चुना जिवांनीं घ्यावयाचा तो खडू होऊन तळाशीं बसतो.

अंक चढलेला पाहून पुष्कळजण आम्लाची बाटली हातीं घेतात. हा मला शुद्ध अविचार वाटतो. आम्लानें अंक उतरतो खरा, पण त्याबरोबर पाण्याचा अल्क-सांठाहि खर्ची पडतो. पोवळ्याचें भांडवल तेंच. निवळी अकस्मात् फार पडली असेल, तर बिनसाखरेचें साधें सोडावॉटर अधिक सुज्ञपणाचें. दर चार लिटर पाण्यामागें सहा मिलिलिटर हळूहळू घातल्यास अंक सुमारें ०.३ नें उतरतो, कारण सोड्यांत असतो तो कर्बाम्लवायुच.

आणि कारणच कळत नसेल, तर पात्रांतलें पेलाभर पाणी घराबाहेरच्या मोकळ्या हवेंत तासभर ढवळत ठेवावें, आणि मग अंक मोजावा. उतरला, तर पाण्याला वायूची वाण होती; खिडकी उघडावी, पाण्याचा पृष्ठभाग हालता ठेवावा, अ‍ॅना थिनच्या मोलकरणीचें काम एखाद्या लहानशा पंपाकडे सोंपवावें. न उतरला, तर अल्कच जास्त झालें आहे. निवळी व क्षार कांहीं दिवस बंद ठेवावेत, आणि दुसऱ्या पहांटे पुन्हा मोजावें.