ललित–मेघ (ध्वनिमुद्रिका)

इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची शास्त्रीय गायनाची एलपी ध्वनिमुद्रिका. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने ती १९६८ मध्ये प्रकाशित केली. तबकडीच्या एका बाजूस राग ललित आणि दुसऱ्या बाजूस राग मेघ आहे. १९६० मध्ये निघालेल्या मारवा–दरबारीनंतरची ही त्यांची दुसरी महत्त्वाची एलपी. ती निघाली तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते आणि आदल्याच वर्षी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ हे सारंगी व बीन वाजवीत आणि होळकर दरबारी होते. दरबारामुळे राजवाडा, मल्हारगंज, बंबई बाजार या जुन्या इंदूरच्या भागात गाण्याबजावण्याचे वातावरण होते. अमीर खाँ बंबई बाजारात वाढले. घरची तालीम सारंगीपासून सुरू झाली, पुढे ते गाण्याकडे वळले. अब्दुल वहीद खाँ यांची संथ बढत, देवासच्या रजब अली खाँ यांची तान आणि मुंबईच्या भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांची सरगम या तिन्हींचा संस्कार त्यांच्या गायकीवर आहे. मात्र त्यातून घडलेली गायकी सर्वस्वी त्यांची स्वतःची आहे.

या गायकीला एलपीचे माध्यम सोयीचे नव्हते. अमीर खाँ विलंबित ख्याल बहुधा चौदा मात्रांच्या झुमऱ्यात गात आणि लय इतकी ठाय ठेवत की एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाई. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. त्यात द्रुत बंदिशही बसवायची, म्हणजे विलंबितासाठी मोजकीच आवर्तने उरतात. अशा वेळी लय थोडी वाढवण्याची वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. लय ठायच राहिली आणि काटछाट झाली ती विस्ताराच्या फांद्यांची. विलंबितात अंतरा गाळणे ही तर त्यांची मैफलीतलीही सवय होती. ही निवड हेच या ध्वनिमुद्रिकेचे मोठेपण आहे. अपुऱ्या वेळेतही गाण्याला कुठेच घाई नाही.

ललितात पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम लागोपाठ लागतात. अमीर खाँ या दोन मध्यमांच्या जोडीवर थांबतात, त्यांच्याभोवती लहान लहान स्वरवाक्ये रचतात आणि वरच्या षड्जाला सावकाश जातात. ‘कहाँ जागे रात’ हा विलंबित ख्याल आणि ‘जोगिया मेरे घर आये’ ही द्रुत बंदिश यांमुळे हा ललित रसिकांच्या तोंडी बसला. मेघात गंधार व धैवत नाहीत, उरतात ते पाचच स्वर. इथे त्यांचे मंद्र सप्तक ऐकावे. आवाज खाली उतरताना त्याचा घुमारा वाढत जातो, आणि मध्यमावरून ऋषभावर येणारी मींड मेघाला सारंगापासून स्पष्ट वेगळे ठेवते. पर्जन्याचे रूप उभे करण्यासाठी गडगडाटी गमकांचा मारा त्यांनी केलेला नाही.

स्वररचनेचा पाया मेरुखंड पद्धतीचा आहे. ठरावीक स्वरांचे सर्व क्रम घोटायचे, असा हा रियाझ: चार स्वरांचे २४, पाचांचे १२० आणि सातांचे ५०४०. कच्च्या गळ्यात हा हिशोब उघडा पडतो. अमीर खाँ यांच्या आलापीत आणि सरगमेत तो रागाच्या चलनात विरघळून जातो, म्हणून अभ्यासकांना ही तबकडी या पद्धतीचा उत्तम नमुना वाटते. तबलावादक साधा, भरणा नसलेला ठेका धरतो. साथीची अशी मितव्ययी पद्धत त्यांनी जन्मभर पाळली.

अमीर खाँ यांनी स्टुडिओत केलेल्या दीर्घ मुद्रणांची संख्या थोडी आहे. त्यांच्या गायनाचा बराच भाग आकाशवाणीच्या आणि खासगी मैफलींच्या मुद्रणांतून टिकला. त्यामुळे स्वच्छ, नीट मुद्रित ‘ललित–मेघ’ला संदर्भ म्हणून विशेष मोल आहे. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. हंसध्वनी व मालकंस यांची एलपी त्यांच्या पश्चात निघाली. ‘ललित–मेघ’ मधील गायन पुढे कॅसेट व सीडीवरही आले.