राणीछाप रुपया आणि त्याचा कारागीर

आपल्याकडील जुन्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया अजून निघतो. मंगळवार पेठेतील सराफ तो चांदीच्या भावाने तोलतो, लमाण्यांच्या तांड्यांवर त्याच्या माळा दिसतात. रुपयावरची बाई कोण, हे सर्वांना ठाऊक असते. तो चेहरा कोणी कोरला, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमची हयात कामगारांत गेली, त्यामुळे आम्हाला हाच प्रश्न आधी सुचतो.

१८४० सालचा रुपया घ्यावा. त्यावर राणीला मुकुट नाही. केसांना फीत बांधलेली तरुण मुलगी दिसते. मानेच्या कापलेल्या कडेवर भिंग धरले तर डब्ल्यू. डब्ल्यू. अशी बारीक अक्षरे आढळतात. ती विल्यम वायन याची. १७९५ साली बर्मिंगहॅमला ठसे कोरणाऱ्यांच्या घराण्यात तो जन्मला. बाप, चुलता, चुलतभाऊ, पुढे मुलगा, सारे याच धंद्यातले. आपल्या पद्मशाली घरांत माग चालावा तसेच.

१८१६ साली तो लंडनच्या टाकसाळीत दुय्यम कोरक्या म्हणून लागला. मुख्य कोरक्याची जागा लवकरच रिकामी झाली. तिचे काम पिस्त्रुची हा इटालियन कलावंत करी, पण परका म्हणून त्याला हुद्दा मिळेना. काम एकाचे, हुद्दा कोणाचाच नाही, असा हा मामला अकरा वर्षे चालला. अखेर १८२८ मध्ये वायन मुख्य कोरक्या झाला आणि पिस्त्रुचीसाठी मुख्य पदककार असे नवे पद काढण्यात आले. दोघांत वैर राहिले ते राहिलेच. गिरणीत दोन कारागिरांना एकाच जागेच्या आशेवर झुलवीत ठेवले की काय होते, हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावयास नको.

१८३७ साली राणीने लंडन शहराला भेट दिली, त्या प्रसंगाचे पदक वायनने केले. जगातील पहिल्या टपाल तिकिटावरील, १८४० च्या एक पेनीच्या काळ्या तिकिटावरील, चेहरा याच पदकावरून घेतला. काम जिकिरीचे. मऊ पोलादावर चेहरा कोरावयाचा, पोलादाला पाणी देऊन ते कठीण करावयाचे, ते दाबून उलटा ठसा काढावयाचा. कठीण करताना तडा गेला की सारी मेहनत वाया.

सोलापूर १८१८ साली इंग्रजांकडे गेले. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया ठरला: वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. १८४० साल छापलेलाच रुपया पुढे १८६२ पर्यंत पडत राहिला. म्हणजे राणी चाळिशीला आली तरी आमच्या बाजारात ती एकवीस वर्षांचीच होती! १८६२ पासून ती मुकुट आणि भरजरी वस्त्र ल्याली.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून तिला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, आणि रुपयावर नवा किताब चढला. त्या वेळी सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळत होता. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरील मजुरांचे धान्य माणशी रोज एका पौंडावर आणण्याचा धोशा लावला. मुंबई इलाख्यात हजारो उपाशी माणसे खोरी-टोपल्या टाकून निघून गेली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आमच्या संपांच्या इतिहासाची सुरुवात येथून करावी, असे आम्हाला वाटते. त्याच साली येथे जुनी मिल सुरू झाली. दुष्काळाने गाव सोडलेल्यांना कामाची गरज होतीच.

या साऱ्याचा जाब वायनला विचारावा काय? आम्ही विचारणार नाही. तो १८५१ सालीच वारला होता. शिवाय नाण्यावरचा हुकूम त्याचा नव्हे; त्याची फक्त कोरणी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४१ मध्ये राणीछाप चलनातून बाद झाला. सरकारी खजिन्यात परतलेले रुपये वितळले. बायकांच्या गळ्यातले राहिले. माळेत ओवण्यासाठी सोनार कडी लावतो ती राणीच्या डोक्यावर. मानेवरची ती दोन अक्षरे त्याच्या डागातून सुटतात.