जुन्या लष्करी पिस्तुलांचा वारसा : लखनौची परंपरा, सुट्या भागांचे शास्त्र आणि कायद्याची चौकट

लखनौ : पेटीत वा भिंतीवर वर्षानुवर्षे पडून असलेले जुने लष्करी पिस्तूल हा एकाच वेळी इतिहासाचा पुरावा, यंत्रकौशल्याचा नमुना आणि कायद्याच्या दृष्टीने शस्त्र असतो. त्यामुळे अशा वस्तूचा संग्रह करणे, ती उघडून साफ करणे किंवा दुरुस्त करणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही. अवधच्या नवाबांच्या शस्त्रशाळेपासून काकोरी प्रकरणापर्यंतचा वारसा लाभलेल्या लखनौ परिसरात या विषयाचे सर्व पैलू एकत्र पाहावयास मिळतात.

शस्त्रशाळा ते काकोरी

नवाब आसफउद्दौला यांच्या काळात लखनौच्या शस्त्रशाळेची व्यवस्था मूळचे फ्रान्सचे क्लॉड मार्टिन (१७३५-१८००) यांच्याकडे होती. तेथे युरोपीय धाटणीची, चकमकीच्या ठिणगीने बार उडणारी पिस्तुले तयार होत. १८५७ च्या उठावापर्यंत फिरत्या चक्राची रिव्हॉल्व्हर इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वयंभरण पिस्तुलांचे युग सुरू झाले.

या नव्या युगातील सर्वांत परिचित नाव म्हणजे जर्मनीच्या ओबेर्नडॉर्फ येथील कारखान्यात घडलेले १८९६ चे माउझर. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. तेव्हापासून भारतीय क्रांतिकार्याशी हे शस्त्र जोडले गेले.

९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळ काकोरी येथे सरकारी खजिना नेणारी गाडी अडविण्यात आली, तेव्हाही क्रांतिकारकांच्या हाती माउझर होते. या कारवाईत मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून अनवधानाने चाप ओढला गेला आणि अहमद अली या प्रवाशाचा मृत्यू झाला. खजिन्याच्या लुटीला त्यामुळे खुनाच्या आरोपाची जोड मिळाली. खटला लखनौतच चालला. डिसेंबर १९२७ मध्ये राजेंद्रनाथ लाहिरी, रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांना फाशी देण्यात आली. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री यांना याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली; पुढे त्यांनी लखनौ हीच कर्मभूमी मानली.

आझाद यांचे कोल्ट

चंद्रशेखर आझाद यांना २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये वीरमरण आले. त्यांच्या हाती असलेले .३२ मापाचे कोल्ट पिस्तूल पोलीस अधिकारी जॉन नॉट-बॉवर यांच्याकडे गेले आणि त्यांच्यासोबत इंग्लंडला पोहोचले. ते परत मिळविण्यासाठी सरकारी पातळीवर पाठपुरावा झाला. लंडनमधील तत्कालीन भारतीय उच्चायुक्त, औंध संस्थानच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत यांचे प्रयत्न त्यात उपयोगी पडले. १९७० च्या दशकाच्या आरंभी मायदेशी आलेले हे पिस्तूल प्रथम लखनौच्या संग्रहालयात होते. आता ते प्रयागराज येथील अलाहाबाद संग्रहालयात आहे. कारखान्यात अशी हजारो पिस्तुले बनली. या एकाचे मोल ते कोणाच्या हाती होते यावरून ठरले.

भाग सुटे करताना

संग्राहकाच्या दृष्टीने पिस्तुलाची किंमत तीन गोष्टींवर अवलंबून असते : मूळ भाग, मूळ झिलई आणि मालकीचा सलग इतिहास. जर्मन लष्करी पिस्तुलांच्या लहानसहान भागांवरही अनुक्रमांक किंवा त्याचे शेवटचे अंक कोरलेले असतात. सर्व अंक जुळले तर शस्त्र कारखान्यातून निघाले तसेच आहे, असे मानले जाते. एखादा भाग बदलला की ही साखळी तुटते.

माउझरची रचना या दृष्टीने अभ्यासनीय आहे. मुठीच्या लाकडी पट्ट्या धरून ठेवणारा स्क्रू सोडला, तर त्याच्या यंत्रणेत स्क्रूच नाहीत. कोड्याच्या तुकड्यांप्रमाणे एक भाग दुसऱ्यात अडकतो. क्रम चुकला आणि बळ लावले, तर शंभर वर्षांपूर्वीचा पोलादी भाग तुटू शकतो. वेबली रिव्हॉल्व्हरमध्ये धोका वेगळा असतो. स्क्रूच्या खाचेत नेमके न बसणारे हत्यार वापरले की खाच कायमची विद्रूप होते.

कोणतेही शस्त्र हाताळण्यापूर्वी ते रिकामे असल्याची खात्री करणे हा पहिला नियम आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज घातक ठरतो. एक काडतूस नळीच्या मागील कोठ्यात राहिलेले असू शकते. माउझरच्या मूळ नमुन्यात तर मॅगझिन वेगळे निघतच नाही. तोंडातून दारू भरण्याच्या जुन्या पिस्तुलात अनेक दशकांपूर्वी ठासलेला बार तसाच आढळल्याची उदाहरणे आहेत.

स्वच्छतेचा अतिरेकही हानिकारक असतो. गंजासोबत मूळ निळसर झिलई घासून काढली की ती पुन्हा मिळत नाही. चामड्याच्या म्यानातील आम्ले ओलावा धरून धातू खातात. म्हणून पिस्तूल आणि म्यान वेगवेगळे ठेवावे लागतात. गंगेच्या खोऱ्यातील दमट पावसाळ्यात ही काळजी अधिक महत्त्वाची ठरते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार बंदुक वा पिस्तूल बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. व्यवसाय म्हणून शस्त्रांची दुरुस्ती किंवा विक्री करण्यासाठी कलम ५ अन्वये स्वतंत्र परवाना लागतो. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. ९ मिलिमीटर किंवा .४५५ यांसारखी लष्करी मापे सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत. नागरी वापरात .३२ हे माप रूढ होण्याचे हे प्रमुख कारण होय. लखनौजवळ हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे २०२० पासून वेबली नावाचे जे रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले, तेही याच मापाचे आहे.

कलम ४५ मध्ये मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येण्याजोगे नसेल, तर अधिनियमाच्या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. या अपवादाची कसोटी वयाची नसून उपयोगक्षमतेची आहे. शंभर वर्षांचे पण दुरुस्त होण्याजोगे पिस्तूल केवळ जुने म्हणून परवानामुक्त ठरत नाही. नादुरुस्त शस्त्रात गहाळ भाग बसवून ते चालू करू पाहणारा हौशी संग्राहक फौजदारी गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा राहू शकतो. उलट, परवान्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी नळीला छिद्र पाडणे किंवा भाग कापणे म्हणजे ऐतिहासिक पुरावा कायमचा नष्ट करणे होय. शंभर वर्षांहून जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या शस्त्राची खासगी निर्यात १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार करता येत नाही.

घरात जुने शस्त्र आढळल्यास

पूर्वजांच्या सामानात परवाना नसलेले पिस्तूल सापडल्यास त्याचा चाप वा घोडा हलवू नये, ते उघडण्याचा प्रयत्न करू नये आणि परस्पर विकू नये. जवळच्या पोलीस ठाण्याला तत्काळ कळवावे. कायदेशीर ताबा संपुष्टात आलेले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा, विहित अटींवर, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. जमा करताना पावती घ्यावी, अनुक्रमांक व खुणांची नोंद ठेवावी. त्यासोबतची पत्रे, जुना परवाना, सेवापुस्तिका आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. संग्रहालयाला एखाद्या पिस्तुलाची ओळख पटवून घ्यायची असेल, तर हीच कागदपत्रे सर्वाधिक उपयोगी पडतात.