बिनतारी घराचे कुलूप

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत राहुरी तालुक्यातील एका शिक्षक मित्राकडे गेलो होतो. त्यांनी नगरच्या बाजारातून एक जुना राउटर साडेचारशे रुपयांना आणला होता आणि खुंटीला टांगून घरभर वायफाय केले होते. ‘‘आमच्या भिंती दीड हात जाडीच्या, दगडी. बाहेर कुणाला काय कळणार?’’ ते हसत म्हणाले. पासवर्ड म्हणून त्यांनी स्वतःचाच मोबाइल क्रमांक ठेवला होता, म्हणजे विसरायची भीती नाही. मी फोन हातात घेऊन अंगणात गेलो, मग गोठ्यापलीकडे आणि शेवटी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली. तिथेही त्यांच्या राउटरचे नाव फोनवर दिसतच होते.

याच जाळ्यावरून ते बँकेचे व्यवहार करतात, विद्यार्थ्यांची माहिती शासनाकडे भरतात, मुलीचा अभ्यासही त्यावरच चालतो. त्यामुळे त्यांचा चेहरा थोडा गंभीर झाला. ‘‘पण साडेचारशेच्या यंत्रात सुरक्षितता ती किती असणार?’’ त्यांनी विचारले. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

जादूगाराची खोडी

तारायंत्राचा संदेश चोरायचा तर निदान तारेपर्यंत पोहोचावे लागे. बिनतारी संदेशवहनाने ही अडचणच काढून टाकली. लहर चारी दिशांना पसरते आणि ती कोणासाठी निघाली आहे हे तिला ठाऊक नसते. मार्कोनीचा दावा मात्र असा होता, की आपली यंत्रे विशिष्ट तरंगलांबीशी जुळवलेली असल्यामुळे त्यांचे संदेश खाजगी राहतात.

४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या यंत्रणेचे प्रात्यक्षिक होते. मार्कोनी दूर कॉर्नवॉलमधील पोल्धू येथून संदेश पाठवणार होता आणि सभागृहात प्रा. जॉन फ्लेमिंग व्याख्यान देत होते. ठरलेला संदेश येण्यापूर्वीच यंत्र टिकटिकू लागले. त्यातून ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हापुन्हा उमटला आणि पाठोपाठ मार्कोनीची टिंगल करणाऱ्या ओळी आल्या. ही करामत होती नेव्हिल मॅस्केलीन या जादूगाराची. तो बिनतारी तंत्राचा चांगला जाणकार होता, आणि समुद्रतळाच्या तारांवर व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने मार्कोनीचे संदेश टिपण्याचे कामही त्याला दिले होते. त्याने जवळच्याच जागेतून साध्या प्रेषकाने हा गोंधळ घातला. फ्लेमिंग संतापले. आपण लोकांचे हित केले, असे मॅस्केलीनचे उत्तर होते.

त्याची रीत वादग्रस्त असेल, मुद्दा मात्र खरा होता. यंत्र महाग आहे, तरंगलांबी नेमकी आहे, एवढ्याने गुप्तता मिळत नाही. लहर अडवता येत नसेल, तर कुलूप मजकुरालाच घालायला हवे.

किल्ल्यात नेते, हवेत आवाज

आपल्या जिल्ह्याशी जवळून जोडलेला एक प्रसंग आता पाहू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव हे सगळे तेथे होते. खंदक आणि तटबंदी यांनी माणसे अडवली. त्याच सुमारास मुंबईत मात्र काही तरुण असा आवाज उठवत होते, जो कुठल्याच तटाला अडवता येत नव्हता.

२७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर हे त्यांचे साथी. त्यांनी खाजगीरीत्या जुळवलेला प्रेषक वापरला आणि तो मुंबईतल्या एका घरातून दुसऱ्या घरात हलवत ठेवला. १९३३ च्या बिनतारी तार कायद्यानुसार परवान्याशिवाय असे यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा होता.

येथे गुप्ततेचा प्रश्न उलटा होता. मजकूर सर्वांनी ऐकावा अशीच इच्छा होती. लपवायची होती ती जागा. पोलीस लहरींच्या दिशेवरून तिचा शोध घेत होते. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील जागेवर छापा पडला. यंत्राशी संबंधित एका तंत्रज्ञाला पोलिसांनी आधीच पकडले होते आणि त्याच्याकडूनच त्यांना पत्ता मिळाला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पहिला धडा लहरींचा होता, हा दुसरा माणसांचा. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर साऱ्या व्यवस्थेची भिस्त.

नवे तंत्र, सदोष कुलूप

संगणकांना बिनतारी जोडणारे ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यालाच वायफाय हे नाव मिळाले. त्याची एक प्रमुख वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. दगडी भिंतीत ही लहर बरीच क्षीण होते, पण दारे-खिडक्या आणि छपरातून ती बाहेर पडतेच. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून सूट मिळाली आणि घरोघरी राउटर येण्याची वाट मोकळी झाली.

मानकाच्या कर्त्यांनी मजकुराला कुलूप दिले होते. त्याचे नाव वेप. ते कसे चुकले हे वर्गातही दाखवता येते. समजा, १७ आणि २५ हे दोन अंक गुप्तपणे पाठवायचे आहेत आणि आपला गुप्त अंक ९ आहे. तो मिळवून आपण २६ आणि ३४ पाठवले. चोराला ९ माहीत नाही. पण त्याने ३४ मधून २६ वजा केले की ८ उरतात, आणि २५ व १७ यांतला फरकही ८ च! गुप्त अंक दोनदा वापरल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा झाला. आता एक मजकूर ओळखता आला की दुसरा आपोआप उलगडतो.

हे टाळण्यासाठी वेपमध्ये प्रत्येक पाकिटागणिक बदलणारा २४ बिटांचा एक क्रमांक किल्लीला जोडत. असे क्रमांक १,६७,७७,२१६ होतात. संख्या मोठी वाटते, पण क्रमांक यदृच्छेने निवडले तर सुमारे ४,८०० पाकिटांतच एखादा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचे जे गणित, तेच हे. शिवाय २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शामीर या तिघांनी त्याहून खोल दोष दाखवला. नुसती पाकिटे गोळा करून मूळ किल्लीच काढता येत होती. २००७ मध्ये डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणले.

त्यावर उपाय म्हणून २००३ साली डब्ल्यूपीए आणि २००४ साली डब्ल्यूपीए-२ आले. दुसऱ्यात एईएस ही कूटपद्धती आहे. बेल्जियमच्या डेमेन व राइमेन यांची ही पद्धती खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि जगभरच्या गणितज्ञांनी ती उघडपणे तपासली. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवले होते, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलूप कसे चालते हे गोदरेजलाही माहीत असते आणि चोरालाही; म्हणून काही ते उघडत नाही.

सानपाड्याचा इशारा

‘‘माझ्या घरात चोरण्यासारखे आहे तरी काय?’’ असे अनेकजण म्हणतात. त्यांच्यासाठी २६ जुलै २००८ ची घटना आहे. त्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल पोहोचला होता. तपास नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत आला. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता. त्याच्या घरचे बिनतारी जाळे दुसऱ्यांनीच वापरले होते. याच मालिकेतील पुढचे ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यातून गेले.

असे का होते? घरात दहा उपकरणे असली, तरी बाहेरच्या जगाला बहुधा राउटरचा एकच पत्ता दिसतो. वाड्यातली सगळी पत्रे एकाच दरवाजातून बाहेर पडावीत आणि पाठीवर वाड्याचाच पत्ता असावा, तसे हे आहे. आत येऊन पत्र कुणी टाकले, हे पत्त्यावरून कळत नाही. या घटनांनंतर २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी कुलूप नसलेली जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, आणि दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या.

साडेचारशे रुपयांचे यंत्र

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. स्वस्त राउटर असुरक्षितच असतो काय? तसे नाही. वायफायची प्रमाणित उपकरणे २००६ पासून डब्ल्यूपीए-२ पाळतात. एईएसचे गणित साडेचारशेच्या यंत्रात आणि साडेचार हजारांच्या यंत्रात सारखेच असते. फरक पडतो तो तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण पासवर्डचे. चोर एकदा जोडणीच्या वेळची पाकिटे टिपतो आणि घरी बसून निवांत अंदाज करत राहतो. आपल्याकडे मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगल्या संगणकाने सेकंदाला दहा लाख अंदाज केले, तर सगळे क्रमांक ४,००० सेकंदांत, म्हणजे सव्वा तासाच्या आत संपतात. त्याऐवजी दोन हजार सोप्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द काढा आणि रोमन लिपीत सलग लिहा. शक्यता ३२ वर १५ शून्ये इतक्या होतात. त्याच वेगाने त्या संपवायला सुमारे हजार वर्षे लागतील. चिठ्ठ्या मात्र खरोखर टाकायच्या. आवडती म्हण किंवा अभंगाची ओळ चोरालाही सुचते.

दुसरे ठिकाण राउटरच्या स्वतःच्या किल्लीचे. कारखान्यातून येताना बहुतेक राउटरांचे नाव व पासवर्ड ठरावीक असत. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने अशा साठेक जोड्या आजमावून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. शिवाय बटण दाबून जोडण्याच्या डब्ल्यूपीएस सोयीतील आठ अंकी संकेतांक २०११ मध्ये फुटला. राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे एक कोटीऐवजी १०,००० अधिक १,००० इतकेच प्रयत्न पुरतात. ही बेरीज गणिताच्या तासाला जरूर घ्यावी.

तिसरे ठिकाण दुरुस्तीचे, आणि स्वस्त यंत्राची खरी उणीव येथेच आहे. २०१७ मध्ये ल्यूव्हेनच्या माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या जोडणीतील एक दोष दाखवला. तो प्रणाली अद्ययावत करून दूर होत होता, पण जुन्या मालाकडे कंपन्या सहसा लक्ष देत नाहीत. यावर एक वाट लोकांनीच काढली. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे, हे जाणकारांच्या लक्षात आले. परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याची आज्ञावली खुली करावी लागली, आणि २००४ मध्ये तिच्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली उभी राहिली. आजही अनेक जुन्या राउटरांना ती नवे आयुष्य देते. म्हणून जुना राउटर घेताना त्याची प्रणाली अजून अद्ययावत होते का, हे किमतीआधी पाहावे. दोन्हीही नसेल, तर तो स्वस्तातही महागच.

मित्राच्या घरी आम्ही पाऊण तासात सगळे काम उरकले. आधीच्या मालकाची मांडणी पुसून राउटर मूळ स्थितीत आणला आणि त्याचा स्वतःचा पासवर्ड बदलला. प्रणाली अद्ययावत केली, डब्ल्यूपीए-२ एईएस निवडले, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद केली, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवले. त्यांच्या मुलीने पाठ्यपुस्तकांतून शब्द काढले आणि एका स्टीलच्या डब्यातून पाच चिठ्ठ्या उचलल्या. या सगळ्याला एक रुपयाही लागला नाही.

निघताना पुन्हा कडुनिंबाखाली उभा राहिलो. राउटरचे नाव तिथे अजून दिसत होते. ते दिसणारच, पाणी भरायला चाललेल्या माणसालाही ते दिसेल. मित्र दारातूनच म्हणाले, ‘‘मग उपयोग काय झाला?’’ त्यांच्या मुलीनेच उत्तर दिले : ‘‘बाबा, घर दिसतं म्हणून काय दार उघडं असतं का?’’