लोखंडी नांगर आणि ग्राहकाचा विश्वास : किर्लोस्कर उद्योगाच्या विक्रीव्यवहाराचा प्रारंभकाळ

महाराष्ट्रातील औद्योगिकीकरणाचा इतिहास लिहिताना कारखाना कोणी व केव्हा काढला, याची नोंद काळजीपूर्वक घेतली जाते. तयार झालेला माल कोणी व कोणत्या भरवशावर विकत घेतला, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या लोखंडी नांगराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या विक्रीने झाला. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना तेथून सायकली पाठवीत. थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवीत. अपरिचित यंत्र विकावयाचे तर त्याचा वापरही शिकवावा लागतो, हा अनुभव येथेच त्यांच्या गाठी पडला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

हा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, ही शेतकऱ्यांची समजूत त्याचे कारण म्हणून सर्वत्र दिली जाते. हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. देशी लाकडी नांगराचा फाळ लोखंडीच असे; कुळवाची पासही लोखंडाचीच. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड जमिनीत फिरत असताना ते एकाएकी विषारी कसे ठरले? (या घडामोडींची माहिती मुख्यतः किर्लोस्कर कुटुंबीयांच्या लेखनातून मिळते, नांगर नाकारणाऱ्याची बाजू त्याच्या शब्दांत कोठेही आढळत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.)

विरोधाचे मूळ गावगाड्याच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करी, फाळ बोथटला तर लोहार तो शेवटून देई. आणि हे काम रोख पैशावर नव्हे, तर सुगीच्या बलुत्यावर चाले. बिडाचा फाळ मात्र लोहाराच्या भट्टीत शेवटता येत नाही. तो झिजला की नवाच घ्यावा लागतो. लोखंडी नांगर घेणारा शेतकरी त्यामुळे नांगरटीच्या ऐन हंगामात एका दूरच्या, अनोळखी कारखानदारावर अवलंबून राहणार होता. नांगर माती उलथून टाकतो आणि हरळीसारखे तण मुळासकट काढतो, हे शेतात दाखविता येत होते. पण पुढील वर्षी फाळ मिळेल काय, ही शंका एका प्रात्यक्षिकाने फिटणारी नव्हती. बलुतेदाराशी असलेला पिढीजात संबंध मोडून त्याजागी दुसरा तितकाच भरवशाचा संबंध उभा राहणे आवश्यक होते.

बेळगावची जागा सोडावी लागल्यानंतर १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यासाठी जमीन व कर्ज दिले. रेल्वेचे सान्निध्य हे कच्च्या मालाइतकेच सुट्या भागांच्या पाठवणीसाठीही महत्त्वाचे होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

या संबंधाचे सर्वांत लक्षणीय रूप म्हणजे १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याचे वृत्त व मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेणे हा त्याचा मूळ हेतू. विक्री झाली की व्यवहार संपला, असे मानणाऱ्या व्यापाऱ्यास असा खर्च निरर्थक वाटला असता. किर्लोस्करांना मात्र नांगर घेणाऱ्या घरातच पुढे पंपही विकावयाचा होता.

जाहिरातीसाठी निघालेले हे पत्र हळूहळू स्वतंत्र वाचकवर्ग मिळवू लागले. १९२९ मध्ये त्याच्या नावातील ‘खबर’ हा शब्द गळला. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच संस्थेतून निघाली. ती वाचणाऱ्या शहरी कुटुंबांपैकी कित्येकांच्या दारात नांगर कधी आलाही नसेल.